जमिनीला न लागलेलं पाणी

शेलवडीच्या बायका पितळेची ताटं बाहेर काढून चिंच-राखेनं घासायला बसल्या, की महाशिवरात्र आली असं समजावं. एरवी वर्षभर सगळ्यांचं स्टीलवर भागायचं. पण या दिवसांत आभाळातून जे पडतं ते झेलायला पितळच हवं, असं इंदूअक्कानं ठरवून दिलं होतं आणि गावानं ते मुकाट्यानं मानलं होतं.

जे पडायचं त्याला गावात साबुदाणा म्हणायचे. दिसायलाही तसाच, पांढरा, टपोरा, मऊ. तळहातावर घेऊन बोटानं दाबला तर भुगा व्हायचा. डोक्यावर पडला तर कुणी अक्षता टाकल्यासारखं वाटायचं. थंडी सरता सरता बालाघाटाच्या माथ्यावर ढग चढून यायचे, तास-अर्धा तास हा साबुदाणा पडायचा आणि खालच्या द्राक्षबागांमधला एक घडही दुखावायचा नाही.

पूर्वी याच ढगांतून लिंबाएवढ्या गारा पडायच्या. तोडणीला आलेल्या बागा घटकाभरात उघड्या व्हायच्या, मेंढ्या मरायच्या, कौलं फुटायची. ढग काळवंडला की माणसं हातातलं टाकून आडोशाला पळायची. आता ढग काळवंडला की माणसं ताट घेऊन बाहेर यायची. टेकडीवरच्या बेलेश्वराच्या देवळाच्या पायऱ्यांवर उघड्यावर उभं राहायचं, ताट डोक्याच्या वर धरायचं, साबुदाणा ताटातच झेलायचा आणि वितळला की त्या पाण्यानं महादेवाला अभिषेक करायचा. जमिनीला न लागलेलं पाणी. गंगेचं पाणीसुद्धा जमिनीवरून वाहतं, हे कशालाच शिवलेलं नाही, असं इंदूअक्का पहिल्या वर्षी म्हणाली होती. ती पहिल्यांदा एकटी उभी राहिली. दुसऱ्या वर्षी सगळी आळी आली आणि पुढे पंचक्रोशी.

ही सगळी करणी भट्टीची, आणि भट्टी होती रेणुकाच्या हातात.

रेणुका म्हणजे इंदूअक्काची धाकटी जाऊ. नवरा पुण्याला नोकरीला, मूलबाळ नाही. टेकडीवर ढगात धूर सोडणाऱ्या भट्टीचं गारपीट-शमन केंद्र आलं तेव्हा प्रशिक्षण घेऊन ती तिथं चालक म्हणून लागली. रोज सकाळी बेलेश्वराला तांब्याभर पाणी घातल्याशिवाय ती तोंडात काही घालायची नाही. केंद्र देवळाच्या अंगालाच होतं, त्यामुळे नेम आणि नोकरी एकाच वाटेवर.

भट्टी काय करते, हे ती शाळेतून आलेल्या मुलांना पंगतीचं उदाहरण देऊन सांगायची. उंच ढगात पाण्याचे थेंब शून्याच्या खाली जाऊनही गोठत नाहीत. गोठायला त्यांना धरायला काहीतरी लागतं, एखादा धुळीचा कण, एखादा हिमाचा तुकडा. असे कण थोडे असले की ढगातलं सगळं पाणी त्या थोड्यांच्याच वाट्याला येतं. वाऱ्यानं ते वर जातात, खाली येतात, थरावर थर चढतो आणि दगडासारखी गार तयार होते. भट्टीच्या धुरात एका जिवाणूपासून काढलेल्या प्रथिनाची भुकटी असते. तिचे कण वर गेले की पाण्याला एकदम लाखो धरणारे मिळतात. दोन पाहुण्यांना वाढायचं तेवढंच जेवण दोन हजारांत वाटलं, तर कुणाच्याच पानात पोटभर पडत नाही. तसं प्रत्येक कणावर जेमतेम थोडं पाणी गोठतं, तेही भुसभुशीत, मध्ये हवा राहिलेलं. तोच हा साबुदाणा.

"म्हणजे ढगाला फसवायचं," इंदूअक्काची केतकी म्हणायची.

"फसवायचं नाही गं. वाटून द्यायचं."

केतकी अक्काची, पण वाढली काकूच्या मांडीवर. बी.एस्सी.ला होती. सुट्टीत केंद्रावर येऊन बसायची आणि साबुदाणा फोडून भिंगाखाली बघायची. आत तांदळाच्या कणीएवढा हिमाचा तुकडा दिसला, की काकूला हाक मारायची.

गेल्या शिवरात्रीला केतकी ताट घेऊन पायरीवर उभी असताना वीज पडली. आणखी दोन बायका भाजल्या, त्या वाचल्या. केतकीच्या हातातल्या ताटात साबुदाणा तसाच होता. उचलायला गेलेल्यांनी तो पाहिला. पुजारी म्हणाला, उपाशीपोटी, देवाच्या दारात, भरल्या ताटानिशी पोर गेली, हिला देवानं स्वतः नेलं. त्या वाक्यावर इंदूअक्का जगली. दुसरं काही तिच्या हाताला लागलंच नाही. तिनं त्या पायरीवर एक दगड बसवला, रोज संध्याकाळी तिथं दिवा लावू लागली, आणि रेणुकाही तिच्या शेजारी हात जोडून उभी राहू लागली.

आषाढात पुण्याहून शर्वरी मॅडम आल्या. केंद्राच्या नोंदी तपासणं हे त्यांचं काम. बाहेर झड लागली होती. चहा झाला तरी त्या कपाचा कान धरून बसून राहिल्या.

"रेणुकाताई, लोकरीचा स्वेटर अंधारात काढताना चटचट आवाज येतो ना? ठिणग्या उडतात."

"हो."

"ढगात तेच होतं. मऊ गार जड असते, ती खाली येत असते. हिमाचे हलके स्फटिक वर जात असतात. दोघांची घासाघीस होते. गार ऋण भार घेते, स्फटिक धन भार घेऊन वर जातात. ढगाची दोन टोकं तयार होतात आणि मध्ये वीज साठते. जितक्या मऊ गारा, तितकी घासाघीस."

रेणुकानं स्वतःचा कप खाली ठेवला.

"दगडी गारेच्या ढगातही वीज असतेच. पण आपण लाखो मऊ गारा तयार करतो. भट्टी पेटते तिथं वीज कितीतरी पट वाढली आहे. आणि हा अर्धाच भाग झाला. उरलेला अर्धा ढगात नाही." त्यांनी खिडकीतून पायऱ्यांकडे पाहिलं. "पूर्वी गारेच्या मारानं माणसं आत पळायची. वीज मोकळ्या रानात पडायची. आता गार लागत नाही, म्हणून माणसं बाहेर उभी असतात."

पावसात भिजणाऱ्या पायरीवरच्या दगडाकडे रेणुकानं पाहिलं.

"केतकी..." रेणुका म्हणाली.

"तुम्हाला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं."

"मग भट्टी बंद करा की."

"मी लिहून दिलंय. वर कुणी ऐकायला तयार नाही. बागा वाचलेल्या डोळ्यांना दिसतात. वीज तर आधीपासून पडतेच, असं म्हणतात. भोंगा बसवा म्हणाले. भट्टी पेटवायच्या आधी भोंगा वाजवायचा, म्हणजे लोक घरात जातील."

पौषात भोंगा बसला. चाचणीसाठी रेणुकानं तो वाजवला आणि दारात येऊन उभी राहिली. खालच्या आळीतून पहिली बाई आली ती ताट घेऊन. मग दुसरी. मग लेकरांची झुंड.

"साबुदाणा कुठंय?" एकीनं खालून विचारलं.

"चाचणी होती. भोंगा वाजला की घरात बसायचं, बाहेर यायचं नाही. दवंडी दिली होती ना?"

"अगं, घरात बसून कसं झेलू? बरं झालं भोंगा लावलास. आता धुणं सोडून आभाळाकडं बघत बसायला नको."

सगळ्या हसत परत गेल्या. रेणुकानं दार लावून घेतलं.

तिनं अक्काला सांगायचं किती वेळा ठरवलं. दिव्याच्या वेळी शब्द ओठांवर यायचे. मग अक्का वात पुढं सारायची, आणि काजळी झटकून म्हणायची, "शांत जळायली बघ. आज खूश दिसते." या बाईकडून देव काढून घेतला तर हिच्यापाशी काय उरेल, हे रेणुकाला दिसायचं. ती मान हलवायची.

शिवरात्रीच्या सकाळी अक्का न्हाऊन, ओले केस तसेच पाठीवर सोडून ताट पुसत बसली होती. तेच केतकीचं ताट. विजेनं एका कडेला वितळून वाकडं झालेलं.

"अक्का, यंदा पायरीवर उभ्या राहू नका. मंडपात बसा."

"मंडपात बसून आभाळ कसं झेलायचं?"

"आज ढग चांगला नाही."

"ढग कधी चांगला असतो गं?" अक्का हसली. वर्षभरात ती पहिल्यांदा अशी हसली. "आज तिचं वर्ष आहे. तिच्याच पायरीवर, तिच्याच ताटात झेलणार. आळीतल्या सगळ्या येणार आहेत. पोरी तर सगळ्याच, तिच्या वर्गातल्या. आणि मला नेलं तर सोनं झालं म्हणायचं."

"असं बोलू नका."

"का? तुला एकटीला पारणं करावं लागेल म्हणून?"

त्या घरात शिवरात्रीच्या पारण्याचा पहिला घास थोरली जाऊ धाकटीला भरवायची. रेणुका लग्न होऊन आली तेव्हापासूनची ही रीत. अक्कानं तिच्या गालाला बोटांच्या पाठीनं स्पर्श केला आणि ताट पुन्हा पुसायला घेतलं.

दुपार कलली तशी पश्चिमेकडून काळी भिंत चढून आली. केंद्राच्या पडद्यावर हिरवा चौकोन उजळला, भट्टी पेटवायला ढग अनुकूल. भोंगा वाजवायच्या आधीच पायऱ्या भरल्या होत्या. खिडकीतून रेणुकाला अक्काची शिवरात्रीच्या नेमाची पांढरी साडी दिसत होती, दगडाला लागून. तिच्यामागे पोरींची रांग, ताटं उन्हाच्या शेवटच्या तिरिपेत चमकत होती.

तिनं शर्वरी मॅडमना फोन लावला.

"मॅडम, नाही पेटवली तर?"

"गारा पडतील. दगडी. खालच्या बागा जातील."

"आणि माणसं?"

"माणसं देवळात पळतील. कळसावर वीजवाहक बसवलाय." मग त्या हलकेच म्हणाल्या, "रेणुकाताई, तुमचा फोन मला आलाच नाही, असं मी समजते. तेवढंच माझ्या हातात आहे."

रेणुकानं फोन ठेवला. भट्टीची कळ तिच्या उजव्या हाताशी होती. ती दाबायला काहीच लागत नाही. गेल्या वर्षी दाबली तेव्हा ती मनात शिवाचं नाव घेत होती. तेही तिला आठवलं.

तिनं भोंग्यासोबत बसवलेल्या कर्ण्याचं बटण दाबलं.

"मी रेणुका बोलतेय. भट्टी पेटलेली नाही. पुन्हा सांगते, पेटलेली नाही. साबुदाणा पडणार नाही. दगडी गारा येताहेत. सगळ्या मंडपात शिरा. लेकरांना आधी घ्या."

पायऱ्यांवर गडबड उडाली, पण कुणी हललं नाही. मग पहिली गार पडली. अक्काच्या दगडावर आपटून उसळली आणि पायऱ्यांवरून टणाटण खाली गेली. तो आवाज थोरल्यांनी ओळखला. एवढ्या वर्षांतही तो कुणी विसरलं नव्हतं. लेकरांना पोटाशी धरून, ताटं डोक्यावर घेऊन सगळ्या दगडी मंडपात घुसल्या. दोन बायकांनी अक्काचे दंड धरून तिला ओढून नेलं.

मग आभाळ कोसळलं. केंद्राच्या पत्र्याखाली रेणुकाला स्वतःचा श्वास ऐकू येईना. मध्येच पायऱ्यांवर लख्ख पांढरं झालं, पाठोपाठ कडाडलं. वीज पायऱ्यांवर पडली की मागच्या खडकावर, ते तिला कळलं नाही. पायऱ्यांवर तेव्हा कुणी नव्हतं.

ढग सरला. खाली बागा दिसू लागल्या. पानं नव्हती. द्राक्षांच्या मांडवाच्या तारांना नुसत्या काड्या आणि मातीत चिरडलेले घड. गोड आंबूस वास टेकडीवर चढून आला.

भास्करभाऊजी, अक्काचे यजमान, सगळ्यांच्या आधी आले. चिखलानं गुडघ्यापर्यंत भरलेले. दारात उभे राहून त्यांनी कळीकडे पाहिलं.

"बटण दाबायला एक बोट लागतं, रेणुका."

रेणुकानं खिडकीतून खालच्या बागांकडे पाहिलं.

"केंद्रावर वीज पडली असती, कुणी मेलं असतं, तर म्हटलं असतं तुला भोवळ आली, काहीतरी झालं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मग झालं काय होतं तुला?"

कुणी मेलं नाही, हेच झालं होतं. पण ते दाखवायला तिच्यापाशी काही नव्हतं. भाऊजी पाठ फिरवून गेले.

मग इंदूअक्का आली. ओले केस, हातात वाकडं ताट, रिकामं. आत येऊन तिनं दार लोटलं.

"खाली सगळे तुझ्या नावानं बोटं मोडायलेत. मी सांगितलं, भट्टी बिघडली असेल. माझी जाऊ असं करायची नाही." ती रेणुकाच्या अगदी जवळ आली. "बिघडली होती ना?"

हो म्हटलं की सुटका होती. अक्काची, तिची, दोघींची. उद्या पारणं झालं असतं. पण मग दुरुस्तीची माणसं आली असती, भट्टी ठीक आहे म्हणून सांगून गेली असती, आणि पुढच्या शिवरात्रीला त्याच पोरी त्याच पायरीवर उभ्या राहिल्या असत्या.

"नाही अक्का. चांगली होती. मीच पेटवली नाही."

"का?"

"भट्टी पेटली की वीज जास्त पडते. साबुदाणा एकमेकांवर घासून ढगात वीज होते. आणि आपण सगळ्या उघड्यावर उभ्या असतो. आज तुम्ही उभ्या होतात."

अक्का हलली नाही. उंबऱ्याशी एक गार वितळत पडली होती. तिनं वाकून ती उचलली आणि मुठीत दाबली. ती फुटली नाही.

"कधी कळलं तुला?"

"आषाढात."

"आषाढात," अक्का म्हणाली. "मग दिवाळीला मी तिच्या दगडापुढं पणत्या लावल्या, तेव्हा तुला ठाऊक होतं."

"हो."

"माझ्या शेजारी उभी राहून हात जोडलेस."

"हो."

"म्हणजे तिला देवानं नेलं नव्हतं."

याला रेणुकाला हो म्हणता येईना. नाहीही म्हणता येईना. आयुष्यभर ज्याला पाणी घातलं, त्याच्या दाराशी ती बसली होती, आणि त्याचं नाव घेऊन अक्काला द्यावा असा एक शब्द तिच्याजवळ नव्हता.

"पेटवली तू," अक्का म्हणाली. आवाज चढला नव्हता. मीठ संपलं म्हणून सांगावं, तसा. "आणि ताट मी दिलं तिच्या हातात. ती घाईत स्टीलचं घेऊन निघाली होती. मीच हाक मारून परत बोलावली. म्हटलं, पितळेचं ने."

पितळ काय नि स्टील काय, विजेला फरक पडत नाही, हे रेणुकाला माहीत होतं. ती सांगणारही होती. पण अक्कानं हात वर केला, मूठ तशीच मिटलेली, बोटांमधून पाणी गळत होतं. मग ती दार उघडून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी रेणुका न्हाऊन, पाणी घालून थोरल्या घरी गेली. आतून भाताचा वास येत होता, भांडी वाजत होती. तिनं कडी वाजवली. भांडी वाजायची थांबली. ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली, ऊन अंगणभर आलं तोवर. कडी निघाली नाही.

आठवड्याभरात केंद्रावरून तिला काढलं. नवा चालक आला, बाहेरचा. भट्टीला रंग दिला गेला. गावात कुणी तिच्याकडे हळदीकुंकवाचं बोलावणं धाडेनासं झालं. बागा पुन्हा फुटल्या, पानं आली, घड धरले, पण दुकानात रेणुका आली की बोलणं थांबायचं ते थांबायचंच. एवढं एक दिसलं, की पायरीवरचा दगड कुणीतरी उपटून नेला होता आणि तिथं दिवा लागत नव्हता.

पुढची शिवरात्र आली. ढग आला, भोंगा वाजला, भट्टीतून पांढरा धूर सरळ वर गेला. बायका ताटं घेऊन निघाल्या. रेणुका आपल्या दारातून बघत होती. तिचं ऐकणारं आता गावात कुणी नव्हतं, तरी ती धावायच्या बेतात होती.

टेकडीच्या पायथ्याशी, सगळ्यांत खालच्या पायरीवर, इंदूअक्का बसली होती. पांढरी साडी, विस्कटलेले केस. पुढं ते वाकडं ताट उभं केलेलं, वितळलेली कड लोकांकडे.

"चला की अक्का," पुढची बाई म्हणाली. "साबुदाणा सुरू होईल."

"हे बघ आधी," अक्का म्हणाली. "हात लाव त्या कडेला. लाव. तिला देवानं नेलं नव्हतं. मी पाठवली होती. आता तुझी पोर कुठाय? मागं? तिच्या हातात दे तुझं ताट आणि पाठव वर. मी बसलेय इथं, उचलायला येईन."

ती बाई जागीच थांबली. मागची पोर आईच्या पदराआड सरकली. मग एकेक करून ताटं खाली झाली आणि बायका परत फिरल्या. भराभर, जणू काही घरी दूध उतू जाणार होतं.

अक्का सगळ्यांत शेवटी उठली. परत जाताना तिची वाट रेणुकाच्या दारावरून होती. रेणुका उंबऱ्यात उभी होती, दोघींत हातभर अंतर. अक्कानं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि मान न वळवता पुढं गेली.

तेवढ्यात साबुदाणा पडायला लागला. मऊ, पांढरा, आवाज न करणारा. रिकाम्या पायऱ्यांवर त्याचा थर साचला आणि जमिनीला लागून वितळून गेला. वर दोनदा वीज कडाडली.

सकाळी रेणुकानं आडाचं पाणी शेंदून महादेवाला घातलं. घरी येऊन पान वाढलं, समोर बसली, आणि पारण्याचा पहिला घास स्वतःच्या हातानं तोंडात घातला.